‘बोर्ड गेला’ म्हणजे नेमके काय गेले?

नारायणगाव, ओतूर, आळेफाटा, मंचर, घोडेगाव, कुठल्याही बाजारपेठेत चालू न होणारा डेस्कटॉप घेऊन जा. पाच मिनिटांत निकाल हातात मिळतो : ‘बोर्ड गेला.’ बटण एकदा दाबून पाहिले जाते, मग दुसऱ्यांदा, मग डब्यावर हलकी थाप आणि मग हे दोन शब्द. बेवारस मढ्याचाही पंचनामा होतो. कॉम्प्युटरच्या नशिबी तेवढेही नसते. आश्चर्य निकाल देणाऱ्याचे नाही, ऐकणाऱ्याचे आहे. भाजीच्या वजनात पन्नास ग्रॅमचा फरक पडला तर काटा पुन्हा लावायला सांगणारा माणूस इथे मान डोलावतो आणि विचारतो, ‘मग नवा केवढ्याला पडेल?’

या निकालामागे एक अख्खे तत्त्वज्ञान आहे, त्यामुळे ते आधी त्याच्याच भाषेत मांडू. कॉम्प्युटर ही नाजूक, शहरी वस्तू. आपल्याकडची लाईट ही अशी, त्यामुळे तो इथे टिकायचाच नाही. बंद पडला तर त्याच्या पोटात काय बिघडले हे आपल्याला कळणार नाही. ज्याला कळते तो पुण्यात बसतो. आणि पुण्याला नेऊन पैसे घालण्यापेक्षा नवा घेतलेला बरा, कारण सात-आठ वर्षांच्या मशीनमध्ये आता राम राहिलेला नसतो. प्रत्येक विधान पुढच्याला टेकू देते म्हणून ऐकायला सगळे एकसंध वाटते. पण यातले एकही मोजून काढलेले नाही. ही ऐकीव गोष्ट आहे, आणि जुन्नर-आंबेगाव तालुक्यांत तिच्यापायी चांगली यंत्रे भंगारात किलोवर जातात.

हीच माणसे विहिरीवर कशी वागतात ते पाहा. मोटार चालू झाली नाही तर ‘मोटार जळाली’ असे कोणी लगेच म्हणत नाही. आधी डीपीवर लाईट आहे का, डीओ फ्यूज उडाला आहे का, हे पाहतात. मग तिन्ही फेज येतात का, स्टार्टरची कॉइल ओढते का, ओव्हरलोड पडला आहे का, कपॅसिटर फुगला आहे का, केबलच्या जोडात पाणी शिरले आहे का. हे सगळे झाल्यावरच मोटार वर काढायचा विषय निघतो; कारण बोअरमधून मोटार काढायची म्हणजे गाडी बोलवा, माणसे जमवा, पाइपामागून पाइप उतरवा. ज्या तपासणीला खर्च नाही ती आधी आणि जिला खर्च आहे ती शेवटी, हा क्रम या भागातल्या शेतकऱ्याला कोणी शिकवावा लागत नाही. गोठ्यातही तेच. व्यालेली संकरित गाय दुसऱ्या दिवशी उठत नाही, मान पोटाकडे वळवून पडून राहते, कान गार लागतात. तिला कोणी मेली म्हणून ओढून नेत नाही. अंगातले कॅल्शियम उतरले आहे हे ओळखून डॉक्टर शिरेतून बाटली चढवतो आणि बहुतेक गायी थोड्या वेळात उभ्या राहतात. न उठणे आणि मरणे यांतला फरक ज्यांना गोठ्यात कळतो, त्यांना टेबलावर का कळू नये?

यावर ‘मोटार साधी असते, कॉम्प्युटर गुंतागुंतीचा’ असे ठरलेले उत्तर येते. प्रोसेसरच्या आत जे चालते ते गुंतागुंतीचे आहे, मान्य. पण चालू न होण्याचा बिघाड बहुधा प्रोसेसरपर्यंत पोहोचलेलाच नसतो. तो भिंतीतल्या सॉकेटपासून बोर्डापर्यंतच्या वाटेवर कुठेतरी असतो, आणि ती वाट मोटारीच्या वाटेपेक्षा फार अवघड नाही. १९९५ पासून डेस्कटॉप ज्या एटीएक्स पद्धतीने बांधले जातात, तिच्यात पुढचे बटण हे दिव्याच्या बटणासारखे नसते. ते वीज जोडत नाही, फक्त मागते. पिन सॉकेटमध्ये असली आणि मागचा खटका चालू असला की डब्यातला वीजपुरवठा करणारा एसएमपीएस जांभळ्या तारेवर ५ व्होल्ट अखंड देत राहतो, कॉम्प्युटर बंद असतानाही. बटण दाबले की बोर्ड हिरवी तार जमिनीकडे, म्हणजे काळ्या तारेकडे, खेचतो. मग एसएमपीएस जागा होतो आणि पिवळ्या तारेवर १२, लालवर ५, नारिंगीवर ३.३ व्होल्ट सोडतो. हे व्होल्ट स्थिरावले की राखाडी तारेवरून ‘सगळे ठीक’ असा निरोप जातो आणि त्यानंतरच प्रोसेसर कामाला लागतो. एवढ्या उंबरठ्यांपैकी कुठेही पाऊल अडखळू शकते. १२ व्होल्टच्या तारेवर ११.४ ते १२.६ च्या बाहेर आकडा गेला तर दोष एसएमपीएसकडे वळतो. जांभळीवर काहीच नसेल तर आधी संशय बोर्डाच्या अलीकडच्या वाटेवर घ्यायचा. हे पाहायला लागणारा मल्टिमीटर काही शे रुपयांत मिळतो आणि तो बाजारपेठेतल्या प्रत्येक मोटार वाइंडिंगवाल्याकडे असतो. तो कॉम्प्युटरला लावला जात नाही, एवढाच काय तो गुंता.

‘चालू होत नाही’ हे मुळात लक्षणच नाही. चार वेगळ्या दुखण्यांना दिलेले ते एक ढोबळ नाव आहे, आणि निम्मी फसवणूक इथेच होते. पहिले दुखणे म्हणजे पूर्ण शांतता : ना दिवा, ना पंखा. यात संशय सॉकेट, एक्स्टेन्शन बोर्ड, वायर, यूपीएस, एसएमपीएस आणि खुद्द पुढचे बटण यांवर जातो. बटणाची प्लास्टिकची दांडी तुटलेली असते किंवा आतला स्विच झिजलेला असतो, आणि बोर्डावरच्या त्या दोन पिना क्षणभर टेकवल्या की ‘मेलेला’ कॉम्प्युटर उठून बसतो. दुसरे दुखणे : पंखा एकदा थरथरून थांबतो. इथे एसएमपीएस जिवंत आहे, पण पुढे कुठेतरी शॉर्ट आहे म्हणून तो स्वतःला आवरतो. मग एकेक जोड काढत जायचे. हार्ड डिस्क, डीव्हीडी, ग्राफिक्स कार्ड, पुढचे यूएसबी. जे काढल्यावर पंखा फिरत राहील तो गुन्हेगार. कधी डब्यात पडलेला एखादा स्क्रू निघतो, कधी वाळलेली पाल. तिसरे दुखणे बरेचदा दिसते आणि बरेचदा चुकीचे वाचले जाते : पंखे फिरतात, दिवे लागतात, पडद्यावर मात्र काही येत नाही. हा कॉम्प्युटर चालू झालेला आहे! त्याला वीज मिळाली आहे. त्याला रॅम सापडत नसेल, प्रोसेसरजवळची १२ व्होल्टची चार किंवा आठ पिनांची वेगळी तार सुटली असेल, किंवा मॉनिटरची वायर ग्राफिक्स कार्डाऐवजी बोर्डाच्या खाचेत गेली असेल. भीमाशंकर, डिंभे, आहुपेच्या पट्ट्यात पावसाळ्याचे चार महिने हवा ओली असते. रॅमच्या सोनेरी पट्टीवर थर बसतो. तिथे शाळकरी मुलाचे खोडरबर जे काम करते त्याला ‘बोर्ड गेला’ म्हणणे हा विनोद आहे, फक्त त्याचे बिल येते. आणि चौथे दुखणे : दोन-चार सेकंद चालून बंद, पुन्हा चालू, पुन्हा बंद. यात बटण आत अडकलेले असते, प्रोसेसरवरचा हीटसिंक सैल असतो, किंवा एसएमपीएस भार आला की मान टाकतो. चार दुखण्यांना चार वेगळे रस्ते आहेत. डॉक्टरने ताप, जुलाब, पाठदुखी आणि चक्कर या चारही तक्रारींना ‘हृदय गेले’ असे एकच उत्तर दिले तर त्याच्याकडे कोण जाईल?

बोर्डावरचे बटणाएवढे नाणे-सेल तर या सगळ्यात हकनाक बदनाम झाले आहे. ते संपले की तारीख आणि वेळ बिघडते, सेटिंग विसरले जाते. त्यामुळे कॉम्प्युटर अजिबातच चालू न होणे क्वचित घडते. तरीही पहिला बदल त्याचाच होतो, कारण ते स्वस्त आहे आणि काहीतरी केल्यासारखे दिसते.

आता लाईटचा मुद्दा. इथे विरोधी पक्षाकडे अर्धे सत्य आहे आणि त्या अर्ध्या सत्याच्या आड तो आळस लपवतो. मळ्यातल्या, वस्तीवरच्या घरांना लाईटचा त्रास खराखुरा आहे. थ्री फेज आली की ऑटो स्विच लावलेल्या सगळ्या मोटारी एकाच वेळी उठतात. मोटार सुरू होताना नेहमीच्या पाच ते सात पट करंट ओढते, त्या क्षणी व्होल्टेज खाली बसते आणि कॉम्प्युटर आचके देतो. खांबावरचा न्यूट्रल तुटला तर २३० च्या जागी ३००, कधी ४०० पर्यंत व्होल्ट घरात शिरतात. वळवाच्या आणि परतीच्या पावसात वीज पडते तेव्हा लाट फक्त लाईटच्या तारेने येत नाही, टेलिफोनच्या आणि इंटरनेटच्या केबलनेही येते. प्लग काढून ठेवणारे लोक ती केबल मात्र लावलेलीच ठेवतात. हे सगळे खरे. पण यातून ‘इथे कॉम्प्युटर टिकत नाही’ हा निष्कर्ष कसा निघतो? निघतो तो एवढाच, की इथे दोष आधी वाटेवर शोधला पाहिजे. जास्त व्होल्टेज आले की बहुतेक वेळा एसएमपीएसमधला फ्यूज आणि त्याच्या शेजारची संरक्षक चकती आधी बळी जाते. ती त्यासाठीच बसवलेली असते. म्हणजे ज्या लाईटच्या नावाने बोर्डाचा मृत्यू जाहीर होतो, तीच लाईट पहिला संशय एसएमपीएसवर घ्यायला सांगते. आपल्याच पुराव्याच्या उलट निकाल देणारी ही विचारसरणी आहे.

त्यातही अर्थिंगकडे कोणाचे लक्ष नसते. डब्याला हात लावला की झिणझिण्या येतात, ही तक्रार घरोघरी आहे. तिचे स्पष्टीकरण ‘आत शॉर्ट आहे’ असे दिले जाते आणि पुन्हा बोर्डाकडे बोट जाते. वास्तविक एसएमपीएसच्या तोंडाशी फेज आणि न्यूट्रलपासून डब्याकडे जाणारे दोन छोटे कपॅसिटर असतात. अर्थिंग नीट असेल तर त्यांचा किंचित करंट जमिनीत उतरतो. नसेल तर डबा सुमारे ११५ व्होल्टवर तरंगत राहतो आणि बोटाला ते कळते. म्हणजे झिणझिण्या बहुधा कॉम्प्युटरचा आजार सांगत नाहीत, घराचा सांगतात. तीन पिनांच्या प्लगला दोन पिनांचा जोड लावलेला असतो, किंवा अर्थिंगचा खड्डा मार्चपासून कोरडा पडलेला असतो. खड्ड्यात दोन बादल्या पाणी ओतायला पुण्याहून कोण यायला हवे?

‘नाजूक, शहरी वस्तू’ हे विशेषण तर या दोन तालुक्यांत ऐकताना हसू यावे. परदेशी दूरसंचारासाठी बांधलेले विक्रम उपग्रह भूकेंद्र १९७१ साली जुन्नर तालुक्यातल्या आर्वीला सुरू झाले, पुणे शहरात नव्हे. १९९० च्या दशकात खोडदला महाकाय मीटरवेव्ह रेडिओ दुर्बीण उभी राहिली : प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना. आकाशातून येणारा अतिशय क्षीण संदेश टिपणाऱ्या या दुर्बिणीच्या कामात विजेच्या तारांवर उडणाऱ्या ठिणग्यांचा गोंगाट हा मोठा अडथळा असतो. सैल जोड, खराब इन्सुलेटर, झिजलेला संपर्क यांतून त्या ठिणग्या निघतात. जगाच्या दृष्टीने ज्या परिसराची ओळख अतिसूक्ष्म मोजमापासाठी आहे, त्याच परिसरात सॉकेटमधला सैल जोड कोणी तपासत नाही, हे वेदनादायक आहे. ‘त्यांच्याकडे पैसा आहे, इंजिनिअर आहेत’ असे म्हणून हे झटकता येईल. पण सैल जोड शोधायला पैसा लागत नाही. एक्स्टेन्शन बोर्ड बाजूला करून प्लग थेट भिंतीत लावायला इंजिनिअर लागत नाही. यूपीएसच्या बॅटरीची दोन-तीन वर्षे भरली की ती लाईट जाताच दगा देते. तेव्हा यूपीएस वगळून पाहायला पदवी लागत नाही.

थंडीतल्या तक्रारीचेही असेच. डिसेंबर-जानेवारीत शिवनेरीच्या पायथ्याला पहाटे चांगलाच गारठा असतो, आणि ‘सकाळी चार-पाच वेळा बटण दाबल्यावर सुरू होतो, दुपारी लगेच होतो’ ही तक्रार त्याच दिवसांत वाढते. यावर ‘मशीन म्हातारे झाले’ असे उत्तर मिळते. हे लक्षण बरेचदा एसएमपीएसमधल्या सुकत आलेल्या कपॅसिटरचे असते. आतला द्रव आटलेला असतो, गारठ्यात तो आणखी मंदावतो, आणि जांभळ्या तारेचे ५ व्होल्ट नीट उभे राहत नाहीत. जे सर्किट प्लग काढला नाही तर वर्षभर चोवीस तास राबते, ते आधी थकणार यात नवल काय? इथे एसएमपीएस बदलायचा असतो. २००० नंतरच्या काही वर्षांत तर जगभर लाखो बोर्डांवर निकृष्ट द्रव भरलेले कपॅसिटर बसवले गेले. त्यांचे माथे फुगले, काही फुटले, आणि ते बदलल्यावर तेच बोर्ड पुन्हा चालले. म्हणजे खरोखर बोर्डावर दोष असला तरी ‘बोर्ड गेला’ हे वाक्य पूर्ण खरे होतेच असे नाही.

एक आक्षेप मात्र गांभीर्याने घ्यायला हवा : सामान्य माणसाने हे उघडायला लावणे धोक्याचे आहे. एसएमपीएसच्या बंद पेटीपुरता हा आक्षेप शंभर टक्के बरोबर आहे. तिच्या आत २३० व्होल्टचे रूपांतर होऊन सुमारे ३२५ व्होल्ट साठलेले असतात आणि प्लग काढल्यावरही काही काळ राहतात. ती पेटी हौशी हाताने उघडायची नाही, यावर वाद नाही. पण डबा उघडणे आणि ती पेटी उघडणे यांत घराचे दार आणि डीपीची पेटी यांच्याइतके अंतर आहे. प्लग काढून रॅम काढणे-बसवणे, तारा दाबून पाहणे, धूळ काढणे यात जिवाला धोका नाही. पेटीच्या बाहेर आलेल्या तारांवर सगळ्यात मोठा आकडा १२ आहे. जी माणसे उघड्या स्टार्टरमध्ये ४१५ व्होल्टच्या शेजारी काडी घालून कॉन्टॅक्ट दाबतात, त्यांनी १२ व्होल्टची भीती सांगावी, हे जरा जास्तच झाले.

‘जुन्यावर खर्च कशाला’ या युक्तिवादाला हिशोबाचा सूर आहे, पण हिशोब नाही. दूध संकलन केंद्रावर फॅट आणि लिटर लिहिणारा, पतसंस्थेत खतावणी ठेवणारा, सेवा केंद्रात सातबारा काढणारा, झेरॉक्सच्या दुकानात अर्ज टंकणारा कॉम्प्युटर कालपर्यंत ते काम करत होता. रात्रीतून काम अवघड झाले नाही, फक्त वीज पोहोचली नाही. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि ‘आता हे मशीन चालणारच नाही’ असे सांगायला आणखी एक सबब मिळाली. ती सुरक्षिततेची खरी अडचण आहे, तिचा वेगळा विचार करावा. पण बंद पडलेल्या पंख्याशी तिचा काय संबंध? शिवाय नव्याच्या किमतीत जुन्या हार्ड डिस्कवरचा हिशोब कोणी धरत नाही. बोर्ड खरोखर गेला तरी हार्ड डिस्क जिवंत असू शकते, ती दुसऱ्या मशीनला जोडून सभासदांची खाती काढता येतात. एवढे साधे वाक्य न सांगता डबा ठेवून घेतला जातो आणि डब्याबरोबर पाच वर्षांचे दप्तर जाते. ई-कचऱ्याचे नियम देशात २०१२ पासून लागू आहेत, नवे १ एप्रिल २०२३ पासून आले. तरी तो डबा शेवटी पत्र्याच्या आणि बाटल्यांच्या ढिगात जाऊन बसतो.

दुरुस्ती करणाऱ्यांकडे या सगळ्यावर एक उत्तर आहे, आणि समोरच्या बाजूचा हा एकच मुद्दा मला खरोखर जड वाटतो. ते म्हणतात, तासभर बसून रॅमची पट्टी पुसली आणि मशीन चालू झाले, तर गिऱ्हाईक म्हणते, ‘काय केलेस? नुसते पुसले तर!’ आणि पन्नास रुपये टेकवून जाते. बोर्ड बदलला तर तेच गिऱ्हाईक हजारो रुपये निमूट मोजते. हे खरे आहे आणि लाजिरवाणे आहे. जनावराच्या डॉक्टरला नुसते पाहायला आल्याची फी देणारा, वायरमनला नुसता फेज शोधल्याचे पैसे देणारा माणूस कॉम्प्युटरच्या तपासणीला फुकट समजतो. मग तपासणी होतच नाही. जिथे शोधाला दाम नाही तिथे सुटा भागच विकला जाणार. पण यातून ‘बोर्ड गेला’ या निकालाचे समर्थन होत नाही, त्याचे पितळ उघडे पडते. निकाल यंत्राच्या स्थितीवरून नव्हे, पावतीच्या रकमेवरून ठरत होता, अशी ही कबुली आहे. तेव्हा तपासणीची फी ठरवा, पाटीवर लिहा, मशीन सुरू होवो न होवो ती घ्या. गिऱ्हाइकाने ती कुरकुर न करता द्यावी.

आणि फी दिली की आकडे मागावेत. बोर्ड गेला असेलही. बोर्ड जातात, वीज पडल्यावर तर जास्तच जातात. पण मग पावतीवर लिहून द्या : जांभळ्या तारेवर किती आले, हिरवी काळीला टेकवल्यावर पंखा फिरला का, पिवळीवर भार असताना किती राहिले, दुसरी रॅम लावून पाहिली का, दुसरा एसएमपीएस लावून पाहिला का. पाच ओळी होतात. त्या कोऱ्या असतील तर डबा उचलून परत काखेत मारावा आणि जाताना मोटार वाइंडिंगच्या दुकानापाशी थांबावे. मीटर तिथे टेबलावरच पडलेला असतो.